वाड्याचा तळमजला नव्याने मांडताना

जुन्या नाशकात वाडा दुरुस्तीला काढायचा म्हटले की कागदावर पहिली रेघ पडते ती दुकानाची. सराफ बाजार, भांडी बाजार, रविवार कारंजा, दहीपूल या भागांत रस्त्याला लागून असलेल्या एका फुटाचे मोल व्यापारी कुटुंबाला सांगावे लागत नाही. दर्शनी भाग मोठा करावा, मागे गोदाम काढावे, चौकावर पत्रा घालून तेथे माल ठेवावा आणि राहते घर पहिल्या मजल्यावर न्यावे, असा आराखडा दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी सर्व भाऊ एकत्र बसले की तासाभरात तयार होतो. त्याला विरोधही फारसा होत नाही. ज्यांचा व्हावा, ते घरातील वृद्ध आईवडील अशा बैठकीत बहुधा मुलांच्या सोयीचेच बोलतात. पुढे वर्ष-दोन वर्षांत गुडघे साथ देईनासे होतात. सकाळी गादीवर येऊन बसणारे, येणाऱ्या-जाणाऱ्याला नावाने हाक मारणारे वडील वरच्या खोलीतल्या खिडकीशी येऊन थांबतात. दुकान चांगले चाललेले असते. फक्त ते आता त्यांना दिसत नाही.

हे टाळणे अवघड नाही आणि त्यासाठी व्यापारावर पाणी सोडण्याचीही गरज नाही. मात्र रेघा ओढण्याचा क्रम बदलावा लागतो. भार कोठे उतरतो, पाणी कोठून येते व कोठे जाते, आणि दिवसभर तळमजल्यावर कोण राहणार, हे आधी ठरवून मग दुकानाची हद्द आखली, तर तोच वाडा दोन्ही कामे करतो.

जुना वाडा बांधणाऱ्यांनी तळमजल्याची मांडणी विचारपूर्वक केलेली होती. रस्त्याच्या बाजूला ओटा व पेढी, तिच्यामागे सोपा, मध्ये आकाशाला उघडा चौक, चौकापलीकडे माजघर, स्वयंपाकघर व कोठार, आणि शेवटी परसात आड व न्हाणीघर. पेढीवरचा ग्राहक सोप्यापर्यंत येई, नातेवाईक चौकापर्यंत, आणि त्यापुढे घरचीच माणसे. प्रत्येक उंबरठा ही एकेक पायरी होती. आज ही घरे पाहताना खोल्या लहान आणि अंधाऱ्या वाटतात, पण अंधाराचे कारण अनेकदा मूळ बांधणीत नसते. चौकावर नंतर टाकलेला पत्रा, सोप्यात घातलेली प्लायवूडची भिंत आणि बुजवलेल्या खिडक्या यांनी तो अंधार आणलेला असतो. म्हणून नवा आराखडा करण्यापूर्वी गेल्या ५० वर्षांत घरात काय काय वाढवले गेले, ते वेगळ्या रंगाने कागदावर दाखवावे. निम्मे प्रश्न तेवढ्यानेच सुटतात. पाडायचे काय हे स्पष्ट होते.

आता भाराविषयी. वाड्याचा खरा सांगाडा लाकडाचा असतो. दगडी तळखड्यावर उभा खांब, खांबांवर तुळई, तुळईवर कडीपाट आणि त्यावर मातीचा थर, अशी ती रचना. मातीचा हा थर किती जड असतो याची कल्पना घरच्यांना नसते. १० फूट लांब आणि १० फूट रुंद खोलीवर केवळ ६ इंच माती असली तरी ती ५० घनफूट भरते आणि तिचे वजन सव्वादोन टनांच्या आसपास जाते. ओली झाली की आणखी वाढते. त्यावर कोणी संगमरवरी फरशी बसवतो, कोणी हजार लिटरची टाकी ठेवतो. म्हणजे आणखी एक टन. हा सारा भार तळमजल्यावरच्या खांबांतून जमिनीत उतरतो. दुकानाचे शटर रुंद करण्यासाठी मधला खांब काढावा, असे जेव्हा कोणी सहज सुचवतो, तेव्हा प्रत्यक्षात तो या सर्व वजनाचा पाय काढत असतो.

खांब काढताच येत नाही असे नाही. लोखंडी गर्डर घालून, वरच्या तुळईला दोन्ही बाजूंनी धिरे देऊन आणि गर्डरची टोके पुरेशा मजबूत आधारावर टेकवून ते काम होते. पण ते स्ट्रक्चरल इंजिनीअरने गणित करून सांगायचे काम आहे. शटर बसवणाऱ्याच्या अनुभवावर सोडायचे नाही. जुन्या नाशकात दर पावसाळ्यात एखाद्या वाड्याची भिंत खचल्याची बातमी येते. महानगरपालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक घरांना नोटिसाही देते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेण्याची जबाबदारी मालक व भोगवटादार यांच्यावर आहे. नोटीस येईपर्यंत थांबण्यापेक्षा ही तपासणी आराखड्याच्या आधीच करून घ्यावी, कारण कोणती भिंत हलू शकते आणि कोणती नाही हे कळल्याशिवाय केलेला आराखडा केवळ चित्र असतो.

तपासणीत एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते, ती म्हणजे खांबाचा तळ. मूळ जमीन शेणाने सारवलेली किंवा चुन्याची. तिच्यावर एका पिढीने शहाबादी फरशी घातली, दुसऱ्या पिढीने मोझेक, तिसरीने चकचकीत टाइल. प्रत्येक वेळी दोन-तीन इंच जमीन वर आली आणि तळखडा दिसेनासा झाला. ज्या दगडाने लाकडाला ओलीपासून दूर ठेवले होते, तो सिमेंटखाली गेला आणि खांबाचे पाऊल ओल्या काँक्रीटमध्ये रुतले. वरून खांब काळाभोर, तुकतुकीत दिसतो. अनुभवी सुताराने खाली पटाशी टोचली की भुसा निघतो. तुळईची भिंतीत गाडलेली टोकेही अशीच तपासावी लागतात. नवी जमीन करताना जुने थर खणून काढावेत व तळखडा पुन्हा उघडा करावा. खर्च थोडा वाढतो, पण दारांची उंचीही परत मिळते आणि वाकून जाणे थांबते.

दुसरी बाब पाण्याची, आणि नाशकात तिला विशेष महत्त्व आहे. गोदावरीला किती पाणी आले हे येथे अजूनही दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात. पाणी कोठवर चढले हे सांगताना नारोशंकराच्या मंदिराच्या घंटेचा उल्लेख होतो. १९६९चा महापूर जुन्या मंडळींच्या स्मरणात आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर तर आजच्या कर्त्या पिढीने स्वतः पाहिले आहेत. सराफ बाजार आणि भांडी बाजार यांच्या दुकानांत पाणी शिरते ते केवळ नदीचे नसते. सरस्वती नाल्याचे आणि तुंबलेल्या गटारांचे पाणी अनेकदा नदीच्या आधीच येते. पेशवेकालीन सरकारवाडा उंच जोत्यावर का बसवला असेल, याचे उत्तर अशा दिवशी वेगळे शोधावे लागत नाही.

खाजगी वाड्यांनाही जोते होतेच. मात्र रस्ता वारंवार नवा होताना जुन्या थरावर नवा थर पडत गेला आणि चार पायऱ्यांचे जोते दोन पायऱ्यांवर आले. काही घरांत तर आता रस्त्यावरून पायरी उतरून आत जावे लागते. चौकातील पावसाचे पाणी ज्या दगडी मोरीतून रस्त्याकडे जात असे, तीच मोरी आता रस्त्याचे पाणी आत आणते. म्हणून तळमजल्याची पातळी ठरवताना घराची जुनी जमीन प्रमाण धरून भागत नाही. आजचा रस्ता, गटाराच्या चेंबरचा तळ आणि आधीच्या पुरात भिंतीवर राहिलेली खूण या तीन पातळ्या लेव्हल लावून मोजाव्यात. नदीलगतच्या जागेबाबत पूररेषेचाही विचार आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामावर कडक निर्बंध आहेत. निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात जोते पुराच्या पातळीच्या वर ठेवावे लागते. २०२० च्या अखेरीस राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत याच्या तरतुदी आहेत. आपली जागा कोठे येते, हे महानगरपालिकेच्या नगररचना विभागातून लेखी घेतलेले बरे.

पाणी येणारच असेल तर ते कमीत कमी नुकसान करून परत जावे, अशी मांडणी करता येते. विजेचा मीटर, स्विच आणि इन्व्हर्टर छातीच्या उंचीवर घ्यावेत. तिजोरी, वह्या आणि दस्तऐवज तळमजल्यावर ठेवू नयेत. वहीपूजन खाली करावे, पण वह्या मुक्कामाला वर असाव्यात. गोदामाच्या मांडण्यांची पहिली फळी जमिनीपासून दोन फूट उंच हवी. गटाराच्या जोडणीला पाणी उलटे येऊ न देणारी झडप बसवावी, नाही तर पूर दारातून येण्याआधी शौचालयातून येतो. दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी खाचा करून त्यात आडव्या फळ्या बसवण्याची सोय ठेवली, तर फूट-दीड फूट पाणी अडवायला वेळ मिळतो.

ओलीबाबत मात्र एक चूक फार सर्रास होते. पांढऱ्या मातीच्या आणि चुन्याच्या भिंतीला पोपडे आले की तिला सिमेंटचा गिलावा करतात, आणि तोही खराब झाला की कमरेपर्यंत टाइल लावतात. जुनी भिंत जमिनीतून ओल घेते आणि हवेत सोडून देते. तिला दोन्ही बाजूंनी बंद केले की ओल आत कोंडते, वर वर सरकते आणि टाइलच्या वरच्या काठाशी किंवा थेट तुळईच्या टोकाशी प्रकट होते. अशा भिंतींना चुन्याचाच गिलावा हवा. तो करणारे कारागीर कमी उरले आहेत हे खरे. तरी शोधले तर सापडतात.

आता प्रत्यक्ष मांडणी. वाडा खणांनी मोजला जातो. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण. हे अंतर घरोघर कमी-जास्त असते, पण उदाहरणासाठी खण ५ फुटांचा आणि दर्शनी भाग पाच खणांचा, म्हणजे २५ फुटांचा धरता येईल. दुकान २० फूट खोल असेल तर ते ५०० चौरस फूट होते. यातला कडेचा एक खण दुकानातून वगळून रस्त्यापासून चौकापर्यंत स्वतंत्र बोळ ठेवला, तर दुकान ४०० चौरस फुटांवर येते. जागेचा पाचवा हिस्सा गेला. व्यापारी माणसाला तो जड वाटणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक घरांत वाद होतो तो नेमका याच जागेवर.

पण हा एक खण काय काय देतो तेही मांडून पाहावे. तो खांबांच्या रेषेवरच असल्यामुळे एकही खांब हलवावा लागत नाही. घरच्या माणसांचा येण्याजाण्याचा रस्ता दुकानातून जात नाही. दुकान बंद असले तरी घर बंद होत नाही. रात्री कोणाला दवाखान्यात न्यायचे झाले तर स्ट्रेचर शटर उघडण्याची वाट पाहत नाही. जोते दीड फूट उंच असेल आणि १ फूट चढायला १२ फूट लांबीचा उतार ठेवायचा असा नियम पाळला, तर १८ फुटांचा उतार लागतो. अरुंद गल्लीत तो घराबाहेर करणे अशक्य असते; २० फुटांच्या बोळात तो सहज बसतो. चाकांची खुर्ची, हातगाडी आणि मालाची पोती या सर्वांना तोच उतार उपयोगी पडतो. पुढे कधी दुकान भाड्याने द्यायचे ठरले, तरी घर स्वतंत्र राहते. १०० चौरस फुटांचा हा हिशेब केवळ मांडण्यांच्या संख्येत करू नये.

बोळ चौकात उघडतो, आणि चौकाला लागूनच आईवडिलांची खोली हवी. खोलीचे दार ३ फूट रुंद असावे, उंबरा नसावा, आणि न्हाणीघर व शौचालय आतूनच जोडलेले असावे. ५ फूट रुंद व ७ फूट लांब एवढी जागा त्याला पुरते. दार मात्र बाहेर उघडणारे किंवा सरकते घ्यावे, कारण आत पडलेल्या माणसामुळे आत उघडणारे दार अडते. शौचालय कोठे घ्यायचे हे दिशेपेक्षा गटाराच्या पातळीवर अवलंबून असते. ४ इंची पाइपला ४० फुटांत १ फूट उतार धरला, तर परसातून रस्त्यापर्यंतच्या ६० फुटांत दीड फूट जातो. रस्त्यावरचे चेंबर उथळ असेल तर परसातले शौचालय जन्मभर तुंबते. वास्तुशास्त्राचा आग्रह असणाऱ्या घरांत हे आधी सांगितलेले चांगले. पाण्याला दिशा कळत नाही, फक्त उतार कळतो.

चौक शक्यतो झाकू नये. झाकायचाच असेल तर पारदर्शक पत्रा भिंतीच्या माथ्यापासून दीड-दोन फूट उंच उचलून, चारही बाजू जाळीने मोकळ्या ठेवून बसवावा, म्हणजे पाऊस थांबतो आणि हवा थांबत नाही. जैन घराला चौकाचा उजेड आणखी एका कारणाने हवा. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, धान्य निवडून व पाहून वापरायचे, पाणी गाळून घ्यायचे, ही सगळी कामे दिवसाच्या उजेडाची आहेत. भर दुपारी दिवा लावून जेथे धान्य निवडावे लागते, ते स्वयंपाकघर कितीही महागड्या फर्निचरचे असले तरी त्या घराच्या कामाचे नाही. म्हणून स्वयंपाकघराची एक बाजू तरी चौकाकडे उघडी असावी आणि परिंड्याची जागा मोरीपासून दूर, उजेडात असावी. गोचरीला येणाऱ्या साधु-साध्वींना सरळ, कोरड्या वाटेने स्वयंपाकघरापर्यंत येता यावे, हाही विचार जुन्या घरांत होता. मालाच्या खोक्यांतून वाट काढावी लागते तेव्हा तो राहिलेला नसतो.

स्वयंपाकघर खालीच ठेवायचे की वर न्यायचे, यावर दोन मते संभवतात. घरात तरुण सुना असतील, बहुतेक झोपण्याच्या खोल्या वर असतील, तर वरचे स्वयंपाकघर सोयीचे वाटते. पण मग आईवडिलांचे ताट जिन्यावरून खाली येते आणि हळूहळू ती दोघे वेगळी जेवू लागतात. जागा असेल तर स्वयंपाकघर खाली व एक लहान चहाचा ओटा वर, ही मांडणी अधिक बरी.

जिन्याने किती जागा खाल्ली हे लोक उशिरा मोजतात. भिंतीच्या जाडीतला जुना जिना थोड्या जागेत मावे, कारण त्याची एकेक पायरी ९-१० इंच उंच असे. साडेनऊ फुटांचा मजला सोप्या पायऱ्यांनी चढायचा तर सव्वासहा-साडेसहा इंचांच्या १८ चढणी लागतात आणि १० इंचांची पावले धरून एका रेषेतला जिना १४ फुटांहून लांब होतो. तो मध्ये वळवला तर लांबी वाचते, रुंदी दुप्पट होते. आराखड्यात आधी जिना बसवावा. उरलेल्या जागेत जिना कोंबला की तो वाड्यातल्या जिन्यापेक्षाही वाईट निघतो.

या सगळ्याआधी एक काम कागदपत्रांचे असते. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अनेकदा दिवंगत आजोबांचेच नाव असते. कर्ज काढून दुरुस्ती करायची तर बँक सर्व वारसांची नावे, मंजूर नकाशा आणि खर्चाचे अंदाजपत्रक मागते, आणि तेव्हा काम सहा महिने अडते. बैठकीला भाऊ बसतात, बहिणींना मात्र कळवले जात नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासूनच्या दुरुस्तीने मुलगी जन्माने सहदायाद ठरते, आणि त्या दिवशी वडील हयात नसले तरी तिचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा वडिलार्जित वाड्याच्या नकाशावर बहिणींची संमती आधी घ्यावी. ती मागितली की बहुधा आनंदाने मिळते. न विचारल्याचे दुःख मात्र पिढ्यान् पिढ्या राहते. वाड्यात जुने भाडेकरू असतील तर त्यांना १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे, त्यांच्याशीही लेखी करार हवा.

वाटणीची रेघ हा आणखी नाजूक विषय. दोन भावांनी चौकाच्या मधोमध भिंत घातलेले वाडे नाशकात कमी नाहीत. भिंत हद्द दाखवते, पण वरची तुळई दोन्ही हिश्श्यांवर टेकलेलीच राहते. एकाने आपल्या बाजूचा खांब काढला की तडा दुसऱ्याच्या माजघरात जातो. हिस्से वेगळे झाले तरी खांब, तुळया, छप्पर, चौक आणि गटार यांची देखभाल सामाईक राहील, असे वाटणीपत्रात लिहून ठेवावे. एकाच चौकाचा उजेड दोघांना पुरतो. मधल्या भिंतीने तो दोघांचाही जातो.

कामाला सर्वांत योग्य काळ कार्तिकी पौर्णिमेनंतर ज्येष्ठापर्यंतचा. आधी छप्पर, मग खांब व तुळया, त्यानंतर गटार, आणि जमीन सर्वांत शेवटी. घाईने जमीन आधी केली तर गटारासाठी ती पुन्हा फुटते. दुकान पूर्ण बंद ठेवणे परवडत नसेल तर दोन खण एका वेळी अशी कामे करता येतात. धिरे मात्र गर्डरचे काम पूर्ण होऊन इंजिनीअरने लेखी सांगेपर्यंत काढू नयेत. आईवडिलांना या काळात मुलीकडे किंवा भाड्याच्या घरात ठेवताना तेही तळमजल्याचेच पाहावे. आणि दारातल्या खाचांत फळ्या नीट बसतात की नाही, हे मृग लागण्यापूर्वी एकदा प्रत्यक्ष बसवून पाहावे. नव्या लाकडाला पाणी लागले की ते फुगते आणि ऐन वेळी खाचेत उतरत नाही.